आत्याची औषधं आणि आपला दहावा भाग

सॅम्युएलदादा: (फोटो) नवी गाडी घरी आली. मागितलं त्याहून देवाने जास्त दिलं. तुमच्या प्रार्थनांबद्दल सगळ्यांचे आभार. उपकारस्तुतीचं अर्पण रविवारीच दिलं.

मनोरमाकाकू: प्रभूची स्तुती असो 🙏🙏

रूबेन: पहिली चक्कर माझी. बुकिंग झालंय, कुणी मध्ये येऊ नये.

प्रभाकरकाका: अभिनंदन सॅम्युएल. मलाखी ३:१०. दशमांश, मिळकतीचा दहावा भाग, मंदिराच्या भांडारात आणा, मग बघा तो आकाशकपाटे उघडतो की नाही. ज्याने आणला त्याला मिळालं.

एस्तेर: दादा, अभिनंदन, मनापासून. आता दुसरं. ग्रुपवरच विचारतेय, कारण एकेकाला विचारलं की नुसत्या निळ्या खुणा दिसतात. आत्याच्या औषधांचे पैसे या महिन्यात दोघांनीच पाठवलेत. गेल्या महिन्यात पण त्याच दोघांनी. बाबा गेले तेव्हा सगळे बसून काय ठरलं होतं ते आठवत असेलच, मी परत लिहीत नाही.

निर्मलावहिनी: आजच काढायला हवं होतं का गं हे? एक दिवस तरी.

एस्तेर: वहिनी, गोळ्या संपायच्या तेव्हा संपतात.

सॅम्युएलदादा: आत्याला मी कधी नाही म्हटलेलं नाही. या वर्षी चर्चच्या बांधकामाला शब्द दिलाय, तो पाळतोय. दहावा भाग देवाचा, तो पगार झाला की आधी बाजूला निघतो. उरलेल्यात हप्ते आणि मुलांच्या फिया. सगळीकडे एकदम कुठून देऊ?

प्रभाकरकाका: बरोबर आहे त्याचं. देवाचं आधी. मलाखी ३:१०.

दीपक (अ‍ॅडमिन): काका, वर आलंय ते.

जॉनकाका: सॅम्युएल, रागावू नकोस. मार्क ७ काढ. प्रभू परूश्यांना, त्या काळच्या धर्मपुढाऱ्यांना, नेमकं यावरच धरतो. घरच्या म्हाताऱ्यांना सांगायचं की तुम्हाला माझ्याकडून जे मिळायचं ते मी देवाला अर्पण करून टाकलंय, आणि मोकळं व्हायचं. मंदिराला दिलं म्हणून घरचं देणं फिटत नाही, असं तो तोंडावर सांगतो. चर्चला देऊ नको असं मी मरेपर्यंत म्हणणार नाही, माझं सगळं आयुष्य तिथे शिकवण्यात गेलंय. पण आत्याच्या वाट्याचं तिकडे वळवायचं नाही.

निर्मलावहिनी: आत्या म्हणजे आईवडील नव्हेत, काका. त्यांना सख्खे भाऊ आहेत. दोन.

मनोरमाकाकू: हे कुणाला उद्देशून होतं निर्मला?

निर्मलावहिनी: कुणालाच नाही काकू. जे आहे ते सांगितलं.

मनोरमाकाकू: आमची पेन्शन किती आणि ह्यांच्या दवाखान्याचा खर्च किती, हे तुला माहीत नसेल. असो. देव बघतोय.

रूबेन: मंडळी, गाडीचा रंग निळा की राखाडी यावर आधी मतदान घेऊ या का? 😅

दीपक (अ‍ॅडमिन): रूबेन, थांब जरा.

जॉनकाका: भाऊ आधी, हे मला मान्य आहे. निर्मलाने वावगं काही म्हटलं नाही. पण तीमथ्याच्या पहिल्या पत्राचा ५ वा अध्याय वाच. तिथे पौल विधवांचाच प्रश्न सोडवतोय. मुलं असोत, नातवंडं असोत, ज्यांच्या नात्यात विधवा आहे त्यांनी तिचं बघावं, मंडळीवर, म्हणजे चर्चवर, भार टाकू नये. आणि जो स्वतःच्या माणसांची तरतूद करत नाही तो विश्वास न ठेवणाऱ्यापेक्षा वाईट, हे ८ वं वचन. माझं नाही, पौलाचं आहे.

प्रभाकरकाका: सगळं मान्य. पण दशमांश हा दशमांशच. तो औषधात कसा धरणार? मलाखी ३:१०: "सर्व दशमांश भांडारात आणा."

एस्तेर: काका, तुम्ही १० वं वचन तीनदा टाकलंत. त्याच अध्यायाचं ५ वं वचन कुणीच कधी टाकत नाही. मजुराची मजुरी बुडवणारे, विधवेला आणि पोरक्याला छळणारे, परक्याचा न्याय मोडणारे, यांच्यावर देव स्वतः साक्षीदार होऊन येईन म्हणतो. तीच माणसं, तेच पान.

आणि भांडार कशासाठी होतं तेही बघा. अनुवादाच्या पुस्तकात १४ व्या अध्यायात दर तिसऱ्या वर्षाचा दशमांश गावातच साठवायचा, कारण त्यातून लेवी (मंदिराची सेवा करणारे, ज्यांना जमिनीचा वाटा नव्हता), परका, अनाथ आणि विधवा यांनी पोटभर खावं आणि तृप्त व्हावं. विधवेचं नाव तिथे स्पष्ट लिहिलंय. मग आत्याला दिलेलं देवाला दिलेल्यात धरायचं की नाही हा प्रश्न येतोच कुठून? मला वचनांवरून भांडायचं नाही. पण दर महिन्याला मी हात पसरते आणि मलाच टोमणे मिळतात, म्हणून आज लिहिलं.

दीपक (अ‍ॅडमिन): मी आत्ता तो अध्याय उघडला. त्याच्या आधीचं अजून वेगळं आहे. बाकीच्या वर्षी दशमांश परमेश्वरासमोर नेऊन घरच्यांसकट खायचा आणि आनंद करायचा. वाट लांब असेल तर विकून पैसे न्यायचे आणि तिथे हवं ते घ्यायचं. हे आम्हाला शब्बाथ शाळेत कुणी सांगितलं नव्हतं.

रूबेन: म्हणजे सहलीचा खर्च दशमांशात?

जॉनकाका: नाही रे बाळा. पण लेवीला विसरू नका, असं लगेच पुढे लिहिलंय. आनंद करायचा, मात्र ज्याच्याजवळ काही नाही त्याला पंगतीत घेऊन.

सॅम्युएलदादा: ठीक आहे. आता मी विचारतो. पैसे कुठे जातात ते मला एकदा कळू दे. गेल्या वर्षीचा हिशेब कुणी पाहिला आहे? निर्मलाने विचारलं होतं, तर "विश्वास नाही का" असं उत्तर आलं.

एस्तेर: तो प्रश्न ज्या सुरात आला होता तो सूर मी विसरलेले नाही.

सॅम्युएलदादा: सूर सोड. शिष्यांची थैली पण एकाकडेच होती आणि त्याला कुणी हिशेब विचारत नव्हतं. योहान १२.

एस्तेर: यहूदा? तो थैलीतलं चोरायचा. दादा, तू मला यहूदा म्हणालास?

मनोरमाकाकू: अरे देवा.

एस्तेर: (हा मेसेज डिलीट केला आहे)

रूबेन: ताई, तो तसं म्हणाला नाही गं.

एस्तेर: तू मध्ये पडू नकोस. तुझी बुकिंग सांभाळ.

निर्मलावहिनी: सॅम्युएलना तसं म्हणायचं नव्हतं. पण हिशेब मागणं हा गुन्हा आहे का?

दीपक (अ‍ॅडमिन): पाच मिनिटं कुणी काही लिहू नका. विनंती.

प्रभाकरकाका: दशमांशाचा हिशेब देव ठेवतो. मलाखी ३:१०.

जॉनकाका: सॅम्युएल, ते उदाहरण फार लागेल असं होतं. तुझ्या बहिणीने ते काम कुणी हातात घेत नव्हतं तेव्हा घेतलं. पण एस्तेर, हिशेबाची मागणी बरोबर आहे, आणि ती अविश्वासाची खूण समजू नकोस. यरुशलेमच्या गरिबांसाठी वर्गणी नेताना खुद्द पौलाने एकट्याने नेली नाही. तीत या आपल्या सहकाऱ्याला आणि मंडळ्यांनी नेमलेल्या भावाला त्या कामावर पाठवलं. इतक्या मोठ्या देणगीच्या बाबतीत कुणी दोष लावू नये, देवाच्याच नव्हे तर माणसांच्याही दृष्टीने सगळं चोख असावं म्हणून. करिंथकरांस दुसरं पत्र, ८:२० आणि २१. प्रेषित असूनही त्याला ते कमीपणाचं वाटलं नाही. जॉर्ज म्युलर यांनी १८३६ मध्ये ब्रिस्टलला अनाथांसाठी घर उघडलं. कुणापुढे हात पसरला नाही, फक्त देवाकडे मागितलं, पण आलेल्या पैशांची नोंद ठेवली आणि दरवर्षी अहवाल छापला. प्रार्थनेवर चालणारा माणूस वहीसुद्धा ठेवत होता.

मनोरमाकाकू: मला हे पटत नाही भाऊजी. उजवा हात काय देतो ते डाव्याला कळू नये असं प्रभूच म्हणाला. यादी लागली की कुणाचं नाव नाही तेच सगळे आधी बघतील. ज्याच्याजवळ खरंच नाही त्याने तोंड कुठे लपवायचं?

जॉनकाका: वहिनी, तुमचं म्हणणं फार मोलाचं आहे. मत्तय ६ मध्ये झाकायचं आहे ते देणाऱ्याचं नाव. कर्णा वाजवू नका, असं तो देणाऱ्याला सांगतो. खर्च झाकायला कुठेच सांगितलेलं नाही, उलट लूक १६ मध्ये धनी कारभाऱ्याला बोलावून म्हणतो, तुझ्या कारभाराचा हिशेब दे. तेव्हा कुणी किती दिलं ते एस्तेरच्या वहीतच राहू दे. ग्रुपवर एवढंच यावं: जमले किती, कशाला गेले, कमी किती पडतात.

एस्तेर: हे मी करते. गेल्या वर्षीची बिलंसुद्धा टाकते, सगळी जपून ठेवली आहेत. (फोटो) (फोटो) (फोटो) (फोटो)

निर्मलावहिनी: धन्यवाद. मला एवढंच हवं होतं.

सॅम्युएलदादा: एस्तेर, ते उदाहरण मी मागे घेतो. पण माझंही एक ऐका. गाडीचा फोटो टाकला की लगेच उधळपट्टी केल्यासारखं बोललं जातं. मी कष्टाने मिळवलंय. ज्याने पैसा जमिनीत पुरून ठेवला त्याला धन्याने दोष दिला, वाढवला त्यांना शाबासकी दिली. मत्तय २५. मिळवणं हाही कारभारच आहे ना?

जॉनकाका: आहेच. गाडी घेतलीस यात काहीही वाईट नाही. देव सगळं उपभोगासाठी विपुल देतो, हे १ तीमथ्य ६:१७ मध्ये आहे. आणि १८ मध्ये लगेच, धनवानांनी उदार असावं, वाटून देणारं असावं. जॉन वेस्ली यांचं पैशावरचं प्रवचन १७६० मध्ये छापलं गेलं. त्यात तीन गोष्टी आहेत: होईल तितकं मिळवा, होईल तितकं वाचवा, होईल तितकं द्या. पहिल्या दोन पाळून तिसरी सोडली तर काहीच केलं नाही, असं ते बजावतात. माझी काळजी तुझ्या दहाव्या भागाची नाही रे, तो तू चोख देतोस. उरलेले नऊ भाग आपले स्वतःचे, हा जो समज आपल्या घरात बसलाय, त्याची आहे. "पृथ्वी व तिच्यावरील सर्व काही परमेश्वराचे आहे" हे आपण स्तोत्र २४ मध्ये म्हणतो, मग पगाराच्या दिवशी दहाला एक असा भागाकार करून उरलेलं विसरतो.

प्रभाकरकाका: म्हणजे दशमांश नको असं म्हणणं आहे का? मलाखी ३:१०.

दीपक (अ‍ॅडमिन): काका, कुणीच तसं म्हटलेलं नाही.

मनोरमाकाकू: एक सांगू का? सांगणार नव्हते. आपण पाठवतो त्या पैशांतूनही ताई दहावा भाग काढते. कागदी पाकिटात घालून ठेवते आणि रविवारी कुणाच्या तरी हाती पाठवते. मी स्वतः पाहिलंय.

प्रभाकरकाका: बघा! मार्क १२. विधवेने दानपेटीत टाकलेल्या दोन टोल्या, अगदी क्षुल्लक नाणी. प्रभूने तिचीच वाखाणणी केली.

एस्तेर: आणि तिच्या आधीचं वचन? ४० वं? विधवांची घरं गिळून वर लांबलचक प्रार्थना करणाऱ्या शास्त्र्यांना शिक्षा होईल, हे बोलून झाल्यावर तो दानपेटीसमोर बसलाय. तिच्याजवळ फक्त दोन टोल्या का उरल्या होत्या, हेही कुणीतरी विचारा. आपण तिचं कौतुक करतो आणि ४० वं वचन ओलांडून जातो.

निर्मलावहिनी: मग आत्यांना सांगायला हवं की औषधाच्या पैशातून देऊ नका. किंवा चर्चमध्ये कळवावं, पाकीट परत करा म्हणून.

जॉनकाका: नाही, असं मुळीच करू नका. दिल्यावर ते पैसे तिचे झाले. दावीद राजा मंदिरासाठी सोनं-रुपं देऊन शेवटी म्हणतो, सगळं तुझ्याकडूनच आलेलं, तुझ्याच हातचं तुला दिलं. १ इतिहास २९:१४. हे म्हणण्याचा जेवढा हक्क राजाला, तेवढाच माझ्या बहिणीला. तिचं देवाचे उपकार मानणं आपण काढून घ्यायचं नाही. फक्त तिने पाकीट भरलं म्हणून गोळी कमी पडता कामा नये.

मनोरमाकाकू: पडते ना. संध्याकाळची अर्धी घेते ती. पुरवते.

रूबेन: कधीपासून?

मनोरमाकाकू: मला काय माहीत. विचारलं की हसते.

सॅम्युएलदादा: मला हे कुणी सांगितलं नाही.

एस्तेर: मलाही आत्ताच कळतंय. काकू, आधी सांगायचं होतं.

निर्मलावहिनी: शुक्रवारी त्यांची तपासणी आहे ना? गाडी आहे, मी नेते. डॉक्टरांना अर्ध्या गोळीचं सांगायला हवं, त्या स्वतः सांगणार नाहीत.

जॉनकाका: देव तुझं भलं करो. आणि औषधं यापुढे थेट दुकानातून घरी जाऊ देत, बिल आपण भरू. तिच्या हातात वेगळे थोडे पैसे राहू देत, त्याचं काय करायचं ते ती ठरवेल.

दीपक (अ‍ॅडमिन): तारीख ठरवू या. करिंथच्या लोकांना पौलाने आठवड्याच्या पहिल्या दिवशी आपापल्या मिळकतीप्रमाणे बाजूला काढायला सांगितलं होतं. आपण महिन्याचा पहिला रविवार धरू. ज्याला जेवढं झेपेल तेवढं, रक्कम फक्त एस्तेरताईला कळेल. हा मेसेज मी वर पिन करतोय.

सॅम्युएलदादा: माझे थकलेले आत्ता पाठवतो. बांधकामाच्या कमिटीशी बोलून तिथली मुदत वाढवून घेईन.

प्रभाकरकाका: आमचे उद्या जातील. थोडे असतील. मलाखी ३:१० बद्दल मात्र माझं मत बदललेलं नाही.

मनोरमाकाकू: तुम्हाला कोण बदलायला सांगतंय, जेवढे व्हायचे तेवढे पाठवा.

निर्मलावहिनी: एस्तेर, तिसऱ्या फोटोतल्या बिलावर रक्तदाबाची जुनी गोळी आहे की डॉक्टरांनी बदललेली? नाव पुसट आलंय.

एस्तेर: जुनी. नवीन चिठ्ठी माझ्या पर्समध्ये आहे, दुपारी स्वच्छ फोटो काढून टाकते.