देवस्थान ट्रस्टमधे नोकरी आहे, मंदिराला लेबर लॉ लागतच नाही म्हणतात. खरंय का?

देणगीकाउंटर:
नमस्कार मंडळी. आमच्या भागातल्या एका देवस्थानात मी देणगी काउंटरला आहे, अकरा वर्षं झाली. मंदिर, भक्तनिवास, अन्नछत्र आणि लाडूचा विभाग धरून आम्ही चाळीसएक जण. पगार व्हाउचरवर, त्यावर 'मानधन' लिहिलेलं, अपॉइंटमेंट लेटर कुणालाच नाही. एरवीचं ठीक आहे, पण नवरात्र आलं किंवा जोडून सुट्ट्या आल्या की काकड्याला आलेला माणूस शेजारतीलाच सुटतो, ओव्हरटाईम नाही, आठवड्याची सुट्टी 'गर्दी बघून'. मागितली की विश्वस्त म्हणतात अरे लोक फुकट सेवा करायला रांगा लावतात, तुला तर पैसे मिळतायत. आणि हे ऐकलं की आपल्यालाच अपराधी वाटतं हो, पुढे बोलवत नाही. घरचे पण म्हणतात देवाच्या दारात भांडू नको. झाडलोटीच्या बायकांना तर महिन्यातले चार दिवस येऊच नका सांगतात आणि वर तेवढे दिवस खाडा धरतात. आता मॅनेजर म्हणतोय मंदिराला लेबर लॉ लागत नाही. दोघंतिघं रिटायर व्हायला आलेत, त्यांना ग्रॅच्युइटी तरी मिळेल का?

कोर्टाचीपायरी:
दादा, मी लेबर कोर्टात प्रॅक्टिस करते. मॅनेजर पाव भाग खरं बोलला आणि बाकीचं सोयीनं गिळलं. जुना वाद आहे तो 'इंडस्ट्री' कशाला म्हणायचं याचा, कारण कामगार-मालक भांडणाचा कायदा 'इंडस्ट्री'लाच लागतो. १९७८ साली बंगलोर वॉटर सप्लायच्या केसमधे सुप्रीम कोर्टाच्या सात न्यायमूर्तींनी व्याख्या खूप रुंद केली, निव्वळ धार्मिक-आध्यात्मिक काम बाहेर ठेवलं, पण मोठ्या प्रमाणावर प्रसाद किंवा अन्न बनवणं मात्र आत येऊ शकतं असं त्याच निकालात उदाहरण दिलंय! म्हणजे गाभाऱ्यातला पुजारी आणि लाडू वळणारा कामगार यांची केस एकच नाही. नव्या इंडस्ट्रियल रिलेशन्स कोडमधे (हा केंद्राच्या चार नव्या लेबर कोडपैकी एक, म्हणजे जुने कामगार कायदे एकत्र करून केलेले कायदे; चारही २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झालेत) धर्मादाय काम करणाऱ्या संस्था व्याख्येतून वगळल्यात, त्यामुळे कामावरून काढलं तर 'इंडस्ट्रियल डिस्प्यूट' म्हणून भांडणं अवघड जाईल हे कबूल.

पण पगार, सुट्टी, ग्रॅच्युइटी, बाळंतपणाची रजा हे कायदे वेगळे, ते त्या एका शब्दावर अडकत नाहीत. महाराष्ट्राच्या २०१७ च्या दुकाने-आस्थापना कायद्यात धंदा-व्यवसाय किंवा त्याला जोडून काम करणारा ट्रस्ट पण येतो, मग तो रजिस्टर असो नसो. भक्तनिवासाच्या खोल्या भाड्यानं देणं आणि लाडू विकणं याला पूजा म्हणायची हिंमत कुणी कोर्टात करत नाही. तो लागला की आठवड्याला सलग २४ तास सुट्टी, ती नाकारली तर दोन महिन्यांत बदली सुट्टी, आणि ओव्हरटाईमला दुप्पट दर. ग्रॅच्युइटीला पाच वर्षं सलग नोकरी आणि संस्थेत दहा माणसं लागतात. समजा शेवटचा पगार १४,३०० आहे, तर भागिले २६, गुणिले १५, गुणिले वर्षं. अकरा वर्षांचे ९०,७५० होतात. व्हाउचरवर काय लिहिलंय यापेक्षा हजेरी कोण घेतं, ड्युटी कोण लावतं हे बघितलं जातं.

माजीविश्वस्त:
एक बाजू मांडतो, मला शिव्या घाला हवं तर. सगळेच ट्रस्ट शिर्डी-सिद्धिविनायक नसतात. त्यांना स्वतःचे कायदे आहेत, पंढरपूरला पण १९७३ चा आहे, तिथलं ऑफिस सरकारी वळणाचं. आमच्यासारख्या ठिकाणी दानपेटी पावसाळ्यात रिकामी आणि चैत्रात भरलेली. पण ते 'भक्तांचा पैसा नोकरांवर उधळता येत नाही' म्हणतात ना, ते साफ खोटं. पगार आणि कायदेशीर देणी हा ट्रस्टचा रीतसर खर्च आहे, ऑडिटला चालतो. उलट चाळीस माणसं व्हाउचरवर दाखवली की ऑडिटरच प्रश्न विचारतो. आमच्याकडे कळस सोन्याचा करायला ठराव पाच मिनिटांत पास व्हायचा आणि वॉचमनच्या रजेवर दोन मीटिंगा जायच्या, त्यामुळे पैसा नाही हे कारण मी पण पूर्ण मानत नाही.

झेंडूचीमाळ:
त्या बायकांचं वाचून डोकं फिरलं. सोवळं पाळायचं तर पाळा, पण काम करायला त्या तयार असताना तुम्हीच नको म्हणताय तर पैसे का कापता? माझी जाऊ एका संस्थानात आहे, तिथे त्या दिवसांत बायकांना भक्तनिवासाच्या ऑफिसात नाहीतर धान्य निवडायला बसवतात, पूर्ण हजेरी लागते. (धान्य चालतं आणि झाडू चालत नाही, हे गणित देवालाच ठाऊक.) तेवढी तरी मागणी करा. आणि तुमच्याकडे लैंगिक छळाच्या तक्रारीसाठी अंतर्गत समिती आहे का? २०१३ चा कायदा दहा किंवा जास्त माणसं असली की ट्रस्टला पण लागतो, आणि बिनपगारी सेवेकरी मुलगी असली तरी ती तक्रार करू शकते. समिती नसेल तर जिल्ह्याच्या स्थानिक समितीकडे, तीन महिन्यांच्या आत.

अपराधी वाटण्याबद्दल: आमच्याकडे एक अन्नछत्रातला मुलगा असाच आतल्या आत कुढून आजारी पडला. झोप उडाली असेल तर १४४१६ ला फोन करा, टेलिमानस, सरकारी आहे, फुकट, मराठीत बोलतात.

देणगीकाउंटर:
सगळ्यांचे आभार. धर्मादाय आयुक्तांकडे गेलो तर?

कोर्टाचीपायरी:
तिथे पगाराचं भांडण मिटत नाही, तुम्हाला कामगार ऑफिसचा रस्ता दाखवतील. ट्रस्टच्या कारभारात गडबड असेल तर ते ऑफिस. आधी सहायक कामगार आयुक्तांकडे जा, आणि एकट्यानं नको, आठदहा जणांच्या सह्या घेऊन, कारण एकट्याला उद्या चप्पल स्टँडला बसवतील. अर्जात देवाचा, श्रद्धेचा विषय काढूच नका, नाहीतर सगळी चर्चा तिकडेच जाते. ड्युटी चार्टचे व्हॉट्सॲप मेसेज, व्हाउचरचे फोटो, पगार बँकेत आला असेल तर पासबुक, एवढं आजपासून जमवा. थकलेल्या पगाराचा क्लेम तीन वर्षांच्या आत लावावा लागतो. तो मॅनेजर स्वतः पण व्हाउचरवरच आहे का? असेल तर सह्यांना त्यालाही विचारून बघा.