घरच्या घरी केस कापायचं मशीन: तुमचं किती वर्षं टिकलं?

मार्च २०२० मध्ये सलून बंद झाली तेव्हा आमच्याकडे पहिलं मशीन आलं. २८ जूनला महाराष्ट्रात सलून पुन्हा उघडली, पण नवरा आणि दोन मुलगे, तिघांची डोकी एकदा माझ्या हातात आली ती आलीच. तेव्हापासून तीन मशीनं झाली. पहिल्याची बॅटरी गेली. दुसरं केस कापायचं सोडून ओढायला लागलं. तिसरं परवा धाकट्याचं अर्धं डोकं झाल्यावर बंद पडलं. उरलेलं अर्धं कात्रीने उरकलं. शाळेत त्याला काय काय नावं पडली ते इथे लिहीत नाही.

चौथं घ्यायच्या आधी विचारतेय. कुठलं भारी ते नका सांगू, ते जाहिरातीतही कळतं. किती वर्षं चाललं, कशाने गेलं आणि गेलेलं परत चालू झालं का, ते लिहा.

ठाणे, दोन मुलांचा बाबा
पातं मोजून बघा. तीन सेंटिमीटरच्या आसपास असेल तर तो दाढीचा ट्रिमर आहे. डोक्याच्या मशीनचं पातं चार सेंटिमीटरच्या पुढे असतं. ट्रिमरची मोटर दाट केसांत गुदमरते. मीही डोक्याला ट्रिमरच वापरला होता. त्यात वर लावायचा सहा मिलिमीटरचा प्लास्टिकचा कंगवा चालू मशीनवरून निसटला आणि मोठ्याच्या डोक्यावर मागे रुपयाएवढा चंद्र उगवला. आई म्हणाली, "आता मुंजच उरकून घ्या."

पुणे, अमेरिकेहून परतलेला
माझा अनुभव जरा लांब आहे. तिकडे आठ वर्षं वापरलेलं वायरचं मशीन २०११ मध्ये सोबत आणलं. त्याच्या पोटात फिरणारी मोटर नसते. तारेचं वेटोळं आणि लोहचुंबक असतं आणि वीज दिशा बदलेल तसं पातं डावी-उजवीकडे थरथरतं. लिओ वॉल यांनी अशा चुंबकी मशीनचा कारखाना १९१९ मध्ये इलिनॉयमधल्या स्टर्लिंग गावात काढला, पद्धत अजून तीच आहे. तिकडची वीज १२० व्होल्ट, ६० हर्ट्झ (म्हणजे सेकंदाला ६० फेरे). आपली २३० आणि ५०. मी शहाण्याने नुसती पिन बदलून लावलं. दोन मिनिटांत जळका वास आला आणि वेटोळं गेलं. दोष शंभर टक्के माझाच.

भाऊ परतला तेव्हा त्याचंही तसंच मशीन आलं. या वेळी व्होल्ट उतरवणारा स्टेपडाऊन ट्रान्सफॉर्मर घेतला. जळलं नाही, पण हर्ट्झ इथले पन्नासच राहिले आणि ते असं खडखडायला लागलं की मुलगी कान झाकून पळाली. कोपऱ्यावरच्या सलूनवाल्या काकांकडे नेलं. त्यांनी ते चालू करून कानाशी धरलं, बाजूचा स्क्रू आधी आत फिरवून खडखड वाढवली, मग किंचित मागे घेतला. खडखड थांबली आणि सलग गुणगुण सुरू झाली. "लाइट बदलली की ह्याचा सूर लावावा लागतो," म्हणाले. तिकडे पातं मिनिटाला ७२०० वेळा हलायचं, इथे ६००० वेळा. आमच्या डोक्यांना पुरतं. अजून चालू आहे.

कोल्हापूर
मशीनसोबतची एवढीशी तेलाची बाटली संपली म्हणून सासूबाईंनी खोबरेल घातलं. तेल ते तेल! डिसेंबरात पातं हलेना. खोबरेल पंचवीसेक अंशांखाली थिजतं, त्यात केसांची भुकटी. टाचणीने उकरलं तर चॉकलेटी मेण निघालं. सगळं घासून काढून शिलाई मशीनचं तेल दोन थेंब सोडलं, त्याला आता चार वर्षं झाली. डोक्यालाही तेल नको. आमच्याकडे आधी चंपी आणि मग कटिंग असायचं, ते उलटं केलं.

नाशिक, सलून चालवतो
वीस वर्षं हेच काम करतोय म्हणून लिहितो. खालचं पातं स्थिर असतं, वरचं सरकतं. वरच्याचे दात खालच्याच्या किंचित मागे हवेत. साफ करून परत बसवताना ते पुढे आलं की कातडी गेली, पहिला नंबर कानाचा. चाकू-कात्रीला धार लावणाऱ्याकडे पाती देऊ नका. तो कडा घासतो, आणि मग दोन्ही पाती एकमेकांवर सपाट बसत नाहीत. ताई, तुमचं दुसरं मशीन तेल नसल्याने ओढत असणार. सिरॅमिकचं पातं तापतं कमी, पण फरशीवर पडलं की दात उडाला. दुकानात आधी विचारा, पात्यांची नवी जोडी सुटी मिळते का. नाही म्हणाले तर पुढचं बघा.

आणि हिशोब करा. तीन डोकी, महिन्यातून एकदा, म्हणजे वर्षाला छत्तीस कटिंग. माझ्याकडे ते दोन-तीन दिवसांचं काम. घरचं मशीन झिजून मरत नाही हो, ड्रॉवरमध्ये पडून मरतं.

पुणे, बुधवार पेठ
ड्रॉवरचं पटलं. माझं सहा महिने पडून होतं, नंतर चार्जच होईना. पासोड्या विठोबापाशी इलेक्ट्रॉनिक्सची दुकानं आहेत, तिथे नेलं. दुकानदाराने उघडून आधी आतला सेल वाचला. निकेलचा १.२ व्होल्टचा होता. लिथियमचा ३.७ चा असतो, चार्जिंग वेगळं, त्यामुळे एकाच्या जागी दुसरा घालायचा नाही. तसाच सेल सोल्डर करून दिला. नव्या मशीनच्या मानाने किरकोळ पैसे गेले.

सोलापूर
आमच्याकडे आजोबांचं हाताचं मशीन आहे. मूठ मिटायची, सोडायची, करकर करकर. मूठ पुरती मिटायच्या आत उचललं की केस उपटलेच. अंगणात पोत्यावर बसवून मान दाबून धरायचे. मशीन आजही चालतं. बसायला कोणी तयार नाही.

धागा काढणारी
नाशिकच्या दादांचं वाचून तिसरं मशीन उघडलं. दोन स्क्रू काढले, पातं उचललं. आत चमचाभर केस, थरावर थर दाबून बसलेले: खाली मुलांचे काळे, वर नवऱ्याचे करडे. जुन्या टूथब्रशने सगळं काढलं, पाती पुसली, वरचं किंचित मागे बसवलं, शिलाईच्या कुपीतलं तेल घातलं. बटण दाबलं, चालू!

आवाज ऐकून धाकटा सायकल घेऊन पसार झालाय.