बर्ड फ्लू न होणारी कोंबडी आपल्याकडे यावी का?

खुराडेकर:
जनुकात दुरुस्ती करून अशी कोंबडी ब्रिटनमध्ये तयार केलीय. माझं उत्तर 'यावी'. विरोध करण्याआधी विषाणूचं चालतं कसं ते बघा. फ्लूच्या विषाणूकडे आरएनएचे आठ तुकडे आणि मोजकी प्रथिनं, बस्स. स्वतःच्या प्रती काढणारं पॉलिमरेज तो सोबत आणतो, पण पेशीच्या केंद्रकात गेल्यावर ते एकट्यानं काम करू शकत नाही. तिथं कोंबडीचंच एएनपी३२ए नावाचं प्रथिन लागतं. ते दोन पॉलिमरेजना एकमेकांशी जोडून धरतं. मग एक प्रत काढतं आणि दुसरं ती निघता निघता गुंडाळायला घेतं. हे प्रथिन हाताशी नसेल तर विषाणू पेशीत शिरूनही बसून राहतो.

एडिंबराच्या रोझलिन इन्स्टिट्यूटनं लंडनचं इम्पीरियल कॉलेज आणि पिरब्राइट या संशोधन संस्थेच्या लोकांसोबत नेमकं हेच प्रथिन धरलं. त्यातली फक्त दोन अमिनो आम्लं (प्रथिनाचे घटक) बदललेल्या कोंबड्या तयार केल्या. निष्कर्ष २०२३ मध्ये आले. बर्ड फ्लूच्या एच९एन२ या प्रकारच्या विषाणूचा साधारण डोस दिला तर १० पैकी ९ कोंबड्यांना लागण झाली नाही. जिला झाली तिच्याकडून इतरांकडे गेली नाही. दोन वर्षांहून जास्त काळ लक्ष ठेवलं, तब्येतीत किंवा उत्पादनात फरक दिसला नाही.

नवापूर आठवतंय ना? २००६ मध्ये देशातला पहिला बर्ड फ्लू तिथंच सापडला, २०२१ मध्ये पुन्हा तेच. दोन्ही वेळा पक्षी मारून खड्ड्यात पुरले. आणखी किती वेळा पुरायचे?

अर्धशिशी:
खुराडेकर, तुम्ही अर्धाच निकाल सांगितलात. उरलेला मी सांगते. त्याच लोकांनी डोस हजार पटीनं वाढवला तेव्हा १० पैकी ५ कोंबड्यांना लागण झाली. आणि त्यांच्यातून जो विषाणू बाहेर आला त्याच्या पॉलिमरेजमध्ये बदल झालेले होते. बदललेलं एएनपी३२ए नीट जमेना, तर विषाणूनं एएनपी३२बी आणि एएनपी३२ई ही भावंडं वापरायला घेतली. त्यातले काही बदल माणसाच्या एएनपी३२शीही जुळवून घ्यायला मदत करणारे निघाले. कोंबडीत वाट अडवायची आणि माणसात शिरायची तालीम त्याच्याकडून करून घ्यायची, हा सौदा मला मान्य नाही.

खुराडेकर:
हजार पट डोस कुठल्या शेडमध्ये मिळतो? तो मुद्दाम दिलेला होता. माणसाच्या श्वासमार्गाच्या पेशींत तो बदललेला विषाणू कमीच वाढला, हे का गाळलंत? माणसांत पसरायला आणखी बदल लागतील असं ते स्वतःच म्हणतात. आणि ही दुरुस्ती काही परकी नाही. कोंबडीच्या एएनपी३२बी प्रथिनात १२९व्या अमिनो आम्लाच्या जागी हाच बदल मुळातच आहे, म्हणून एरवी ते विषाणूच्या उपयोगाचं नसतं.

अर्धशिशी:
वा! आणि त्या 'उपयोगाचं नसतं' म्हणवणाऱ्या बीलाच त्यानं कामाला लावलं की हो.

शेड_नंबर_दोन:
माझा ब्रॉयलरचा धंदा आहे, करारावर. पिल्लं कंपनीची, खाद्य कंपनीचं, शेड आणि लाइटबिल माझं. ही कोंबडी आली तरी जनुक बदलणार ते वरच्या ब्रीडर पक्ष्यांत, माझ्या हातात एक दिवसाचं पिल्लू पडणार. भाव कोण ठरवणार ते सांगायला नको. पण एक खरं, आजूबाजूला रोग निघाला की आमच्याकडे एक पक्षी आजारी नसतानाही बॅच जाते. भरपाई मारलेल्या पक्ष्यांची मिळते, पुढं रिकाम्या पडलेल्या शेडची नाही.

पेशीवाचक:
थोडं बाजूचं बोलतो. यजमानाचं प्रथिन काढून घेतलं की विषाणू पळवाट शोधणारच, असं सरसकट नसतं. डुकरांच्या पीआरआरएस रोगाचा विषाणू सीडी१६३ या प्रथिनाच्या एका भागाला पकडून पेशीत शिरतो. तेवढाच भाग कापलेली डुकरं त्याला दाद देत नाहीत, आणि एप्रिल २०२५ मध्ये अमेरिकेच्या अन्न-औषध नियामक एफडीएनं त्यांना मान्यता दिली. उलट उदाहरण एचआयव्हीचं. तो बहुतेकदा पेशीवरच्या सीसीआर५ या प्रथिनावरून शिरतो, ते प्रथिन नसलेल्या दात्याच्या मूळपेशी मिळाल्यावर 'बर्लिनचा रुग्ण' टिमोथी रे ब्राउन बरा झाला. तोच उपाय जर्मनीतल्याच दुसऱ्या रुग्णावर केला, तर सीएक्ससीआर४ हे दुसरं प्रथिन वापरणारा विषाणू उसळून आला. पर्यायी प्रथिन घरात आहे की नाही, यावर सगळं ठरतं. कोंबडीत ते आहे. त्यामुळे मी आजच्या घडीला अर्धशिशीताईंच्या बाजूनं.

खुराडेकर:
मग तिन्ही बदला. ए, बी आणि ई तिन्ही काढलेल्या कोंबडीच्या पेशींत विषाणू वाढलाच नाही, हेही त्याच संशोधनात दिलंय.

अर्धशिशी:
पेशींत! काचेच्या बशीतल्या. एएनपी३२बी नसलेली उंदराची पिल्लं जन्माच्या सुमारास मरतात, कारण ही प्रथिनं विषाणूसाठी ठेवलेली नाहीत, पेशीची स्वतःची कामं त्यांच्याकडे असतात.

खुराडेकर:
अहो, उंदराचं बी वेगळं, कोंबडीचं वेगळं. आणि आख्खं प्रथिन उडवा असं कोण म्हणतंय? एमध्ये केले तसे नेमके बदल करायचे.

लसवंत:
एवढ्या भानगडीपेक्षा लस टोचा. फ्रान्सनं ऑक्टोबर २०२३ पासून बदकांना सुरू केली. भोपाळच्या पशुरोग संशोधन संस्थेनं एच९एन२ची लस केलेली आहे.

शेड_नंबर_दोन:
लसवंत, पाच-सहा आठवड्यांत जाणारा ब्रॉयलर. हजारो पक्षी एकेक हातात धरून टोचायला माणसं तुम्ही पाठवणार का?

पेशीवाचक:
लेअरला, म्हणजे अंड्यांच्या कोंबडीला, परवडेल, ब्रॉयलरला अवघडच. शिवाय लस टोचलेल्या पक्ष्यात विषाणू गुपचूप फिरत राहू शकतो, म्हणून तपासणी सुटत नाही. आणि खुराडेकर, जिवंत कोंबड्यांवरची परीक्षा एच९एन२ची होती. नवापूरला २००६ मध्ये आला तो एच५एन१. तो कितीतरी जहाल.

खुराडेकर:
म्हणूनच तर म्हणतोय, एच५एन१वर परीक्षा घ्या, इथं घ्या, बंदिस्त प्रयोगशाळेत घ्या. तुम्ही लोक पेपर काढायच्या आधीच नापास करताय.

अर्धशिशी:
तुम्ही वर 'यावी' लिहिलंय, 'तपासावी' नाही. तिन्ही जनुकं बदललेली, अंडी देणारी, धडधाकट कोंबडी आधी दाखवा. तोवर माझं मत 'नको'.