नववीतला मुलगा आणि पाचवीतले अपूर्णांक: पालकांना कसे सांगावे?

प्रश्न (गणित शिकवणी, मानेवाडा)

नमस्कार. मी गणितात एम.एस्सी. केले असून गेली तीन वर्षे नागपुरात मानेवाडा आणि अयोध्यानगर भागात विद्यार्थ्यांच्या घरी जाऊन शिकवण्या घेते. राज्य मंडळाच्या मराठी शाळेत नववीत शिकणारा एक मुलगा जुलैपासून माझ्याकडे आहे. शाळेच्या दोन प्रकरणे पुढे राहावे, ही पालकांची पहिल्या दिवसापासूनची अपेक्षा आहे आणि वही पाहिली तर आम्ही तसे पुढे आहोतही. परंतु मागच्या आठवड्यात एका समीकरणात २/३ आणि १/४ यांची बेरीज आली, तेव्हा त्याने अंशात अंश आणि छेदात छेद मिळवून लगेच ३/७ लिहिले. मी विचारले, "आधी दोन तृतीयांश पोळी खाल्ली, मग आणखी पाव खाल्ली, तर एकूण पोळी अर्ध्याहूनही कमी कशी भरेल?" तो बराच वेळ वहीकडे पाहत राहिला आणि हळूच म्हणाला, "मॅडम, मला हे पाचवीपासूनच येत नाही."

इतके महिने मी पायऱ्या सोडवून दाखवत होते आणि तो त्या सुंदर अक्षरात उतरवून घेत होता, हे माझ्या लक्षात यायला हवे होते. आता पुढचा अभ्यासक्रम थांबवून मागे जावे का? आणि तसे सांगितल्यावर पालक त्याला सीताबर्डीच्या एखाद्या मोठ्या क्लासला घालतील, ही भीती कशी हाताळावी? शिकवण्यांवरच माझे घर चालते, म्हणून मोकळेपणाने विचारते आहे.

उत्तर १ (शिकवणी, नंदनवन, अठरा वर्षे)

ताई, मागे जायलाच हवे, यात मला शंका नाही. मात्र शाळेचा अभ्यास पूर्ण थांबवू नका, कारण वर्गात मागे पडल्याची लाज त्याला वाटू लागली तर तो अपूर्णांकांनाही हात लावणार नाही. तासातली पहिली वीस मिनिटे अपूर्णांकांना द्या. चौकोनी वहीतून दहा चौकोनांची एक पट्टी कापून त्याच्या हातात द्या आणि तिचा एक तृतीयांश भाग रंगवायला सांगा. तो अडेल. मग किती चौकोनांची पट्टी घेतली तर तृतीयांशही निघेल आणि चतुर्थांशही, हे त्यालाच शोधू द्या. बारावर तो स्वतः पोहोचला की आठ चौकोन आणि तीन चौकोन मिळून अकरा होतात, हे त्याला डोळ्यांनी दिसेल. लसावि हा शब्द त्यानंतर उच्चारा, आधी नको. नववीचे 'गुणोत्तर व प्रमाण' हे प्रकरण त्याने नुसते उतरवून घेतले असणार, तेव्हा तेही याच पट्टीवरून पुन्हा घ्या.

पालकांशी बोलताना आई आणि वडील दोघेही समोर असू द्या आणि ते ३/७ लिहिलेले पान टेबलावर उघडून ठेवा. माझा अनुभव असा की, "मुलगा कच्चा आहे" या वाक्याने पालक दुखावतात; पण नेमके काय येत नाही आणि ते भरून काढायला किती दिवस लागतील, हे सांगितले की ते ऐकून घेतात.

उत्तर २ (निवृत्त शिक्षक, महाल)

वीस मिनिटांच्या मताशी मी पूर्णपणे सहमत नाही. चार वर्षांची पोकळी तुकड्यातुकड्यांनी भरताना आजचे उद्या विसरले जाते. दिवाळीची सुटी समोर आहे. त्या दिवसांत रोज एक तास फक्त अपूर्णांक घ्यावेत. आमच्या लहानपणी पावकी, निमकी, पाऊणकी, म्हणजे पाव, अर्धा आणि पाऊण यांचे पाढे, तोंडपाठ असत, त्यामुळे पाव आणि पाऊण या गोष्टी छेद शिकण्याआधीच कानाला ओळखीच्या झालेल्या असत. सगळ्या पाठ करून घ्याव्यात असे मी म्हणत नाही, पण पावकी दहापर्यंत म्हणवून घ्यायला काय हरकत आहे?

पालकांना एक गोष्ट अवश्य सांगा. पुढच्या वर्षी दहावीला बीजगणित आणि भूमितीच्या प्रत्येकी ४० गुणांच्या लेखी परीक्षा असतील आणि बीजगणितातल्या वर्गसमीकरणांपासून संभाव्यतेपर्यंत जागोजागी अपूर्णांक भेटतील. नववीची वार्षिक परीक्षा शाळेची असते. मागे वळायला हेच वर्ष सोयीचे आहे. शक्य असल्यास पालकांमार्फत त्याच्या वर्गशिक्षकांनाही कळवा. शाळेतल्या शिक्षकांना २००९च्या शिक्षण हक्क कायद्याने खासगी शिकवणी घेता येत नाही, त्यामुळे शाळेत शिकवणारा एक आणि घरी शिकवणारा दुसरा असतो, आणि दोघांची गाठ कधी पडतच नाही. यात नुकसान मुलाचे होते.

उत्तर ३ (पालक, प्रतापनगर)

माझ्या मुलीच्या बाबतीत शिकवणीच्या बाईंनी हीच गोष्ट दहावीच्या जानेवारीत सांगितली. त्यांचा हेतू चांगला होता, पण तेव्हा आमच्या हातात काहीच उरले नव्हते. तुम्ही नोव्हेंबर उजाडायच्या आत सांगत आहात. मी त्या मुलाची आई असते, तर मला दोन दिवस वाईट वाटले असते, पण शिकवणी बदलली नसती.

प्रश्नकर्त्या

सर्वांचे मनापासून आभार. काल आई-वडील दोघांशी बोलले. वडिलांनी पहिला प्रश्न अपेक्षेप्रमाणेच विचारला, "मग इतके महिने काय शिकवले?" मी वही पुढे ठेवली आणि मला हे उशिरा कळले, असे स्पष्ट सांगितले. ते थोडा वेळ गप्प राहिले. दिवाळीच्या सुटीत रोज एक तास अपूर्णांक आणि शाळा सुरू झाल्यावर पहिली वीस मिनिटे, असे शेवटी ठरले. पुढचे वर्ष माझ्याकडे ठेवायचे की नाही, हे ते सुटीनंतर सांगणार आहेत.

आज दहा चौकोनांची पट्टी दिली. त्याने तीन चौकोन रंगवले, चौथ्यावर पेन्सिल अडली, मग सगळे खोडले. थोड्या वेळाने पट्टी माझ्याकडे परत करून म्हणाला, "मॅडम, ही चालणार नाही, बाराची द्या."