जिनिव्हा विमानतळ ते झरमॅट: ड्रायव्हरसह गाडी ठरवताना काय विचारून घ्यावं?

प्रश्न (सातारा)
जानेवारीत घरचे सहा जण स्वित्झर्लंडला, झरमॅटला निघतोय. आईबाबा सत्तरीचे, मुलं 4 आणि 9 वर्षांची. मोठ्या बॅगा 6, छोट्या 4. विमानतळावरून थेट हॉटेलच्या दारापर्यंत मर्सिडीज हवी. घाटात बर्फाचा त्रास होतो का? आईला पसरणी घाटातच गाडी लागते.

वाईकर
'दारापर्यंत' आधी डोक्यातून काढा. झरमॅटमध्ये पेट्रोल-डिझेलच्या गाड्यांना बंदी आहे. कितीही महागडी गाडी केली तरी ती 5 किलोमीटर अलीकडे टेश गावीच सोडते. पुढं शटल ट्रेन: 12 मिनिटं, दिवसा साधारण दर 20 मिनिटांनी. टेशला बॅगा ट्रॉलीवर चढवा आणि ट्रॉली तशीच डब्यात ढकला, उचलाउचल नाही. झरमॅट स्टेशनवर हॉटेलची बॅटरीवरची गाडी येते, पण ट्रेनची वेळ आधी कळवली तरच. ट्रेनचं तिकीट दरात धरलंय का आणि ड्रायव्हर फलाटापर्यंत सामान आणून देतो का, हे दोन्ही लेखी घ्या. जास्तीचे पैसे खरं तर याचेच असतात.

घाटवाट
अंतर सुमारे 230 किलोमीटर, रस्ता मोकळा असेल तर पावणेतीन ते तीन तास. लोझान, मार्टिन्यी, सिओंवरून व्हिस्पपर्यंत रस्ता खोऱ्यातून जातो, उंच खिंड एकही नाही. वळणं आहेत ती शेवटच्या तीसेक किलोमीटरमध्ये. व्हिस्प 650 मीटरवर, टेश 1450 वर, म्हणजे महाबळेश्वरपेक्षा थोडंच उंच. आईंची नेहमीची गोळी सिओंला द्या. व्हिस्पला दिली तर उशीर होतो, गोळीला अर्धा तास तरी लागतो.
बर्फाचं म्हणाल तर हिवाळी टायर असतातच. अडचण हिमकडा कोसळण्याच्या धोक्याची. जानेवारी 2018 मध्ये रस्ता आणि रेल्वे दोन्ही बंद पडून हजारो पर्यटक झरमॅटमध्ये अडकले होते. असं झालं तर पैसे परत मिळतात की तारीख बदलून मिळते, विचाराच.

कराड
सगळ्यात जास्त घोळ फ्लाइट नंबरात होतो. मधे विमान बदलणार असाल तर मुंबईचा नंबर देऊ नका, जिनिव्हाला उतरणाऱ्या विमानाचा द्या. ड्रायव्हर त्याच्यावरच नजर ठेवून येतो. उतरल्यावर किती मिनिटं थांबणं फुकट, तेही विचारा. पासपोर्ट आणि बॅगांच्या पट्ट्यावर तास सहज जातो. वेळ तिथलीच लिहा, हिवाळ्यात आपल्यापेक्षा साडेचार तास मागं. त्या विमानतळाला फ्रान्सच्या बाजूचंही दार आहे, तेव्हा 'स्विस बाजू' असं स्पष्ट कळवा.
व्ही-क्लासमध्ये, म्हणजे मर्सिडीजच्या मोठ्या व्हॅनमध्ये, सात सीट असतात, पण सातही भरल्या तर मागं सामान मावत नाही. तुमचे सहा जण आणि दहा डाग, म्हणून लांब मॉडेलच मागा आणि बॅगांची मापं पाठवा. दोन्ही मुलांच्या सीटही आत्ताच सांगा. तिथं 12 वर्षांखालच्या आणि 150 सेंटिमीटरपेक्षा कमी उंचीच्या मुलाला योग्य सीट सक्तीची आहे. नऊ वर्षांच्याला लागत नाही असं धरून लोक एकच सांगतात.

प्रश्नकर्ता
शेवटची शंका. स्की इथून न्यायची का?

वाईकर
नाही. झरमॅटला भाड्यानं मिळते, बुटांसकट. गाडीतली जागा बॅगांना ठेवा.