बी.ए.ला संस्कृत घ्यायचंय, पण शाळेत कधी शिकलेच नाही

महालवासी: बारावी कॉमर्स झाली. शाळेत पूर्ण हिंदी होतं. आता इथेच नागपुरात बी.ए.ला संस्कृत घ्यायचं ठरवून राहिले. वर्ग सुरू व्हायला दोन महिने आहेत. जो तो सांगतो, आधी रूपं पाठ कर. कोणती आणि किती? दहावीपर्यंत शिकून आलेल्यांच्या मागेच राहणार का मी?

धरमपेठी: सरसकट घोकू नका. 'देव'च्या सात विभक्ती नि संबोधन, प्रत्येकी तीन वचनं: आठ त्रिक चोवीस, म्हणजे 24 रकाने; पण वेगळी रूपं 17च. द्विवचनात तर देवौ, देवाभ्याम्, देवयोः एवढीच. 'वन'ला प्रथमा-द्वितीयेत वनम्, वने, वनानि. तृतीया ते सप्तमी 'देव'सारखंच. मग माला, नदी, कवि, गुरु आणि तद्, किम्, अस्मद्, युष्मद् ही सर्वनामं. धातूंचे 1, 4, 6, 10 हे गण (गट) आधी घ्या, कारण त्यांचं अंग, म्हणजे प्रत्ययाआधीचा भाग, अकारान्त असतं, प्रत्यय एकाच साच्यात बसतात. लट् (वर्तमानकाळ), लङ् (भूतकाळ), लृट् (भविष्यकाळ), लोट् (आज्ञार्थ), विधिलिङ् (विध्यर्थ) पुरे. आणि रूपं लिहून काढा. नुसती म्हटली की विसर्ग नि हलन्त म् गळतात.

रामटेकवाले: आपली मराठीच जास्त दगा देते. मराठीत कवी, गुरू दीर्घ लिहितो; संस्कृतात 'कवी' लिहिलं की एकाचे दोन कवी झाले! राग म्हणजे रंग किंवा प्रेम, शिक्षा म्हणजे शिकणं, आणि दोस्त या अर्थाचा 'मित्र' चक्क नपुंसकलिंगी.
फायदाही आहे. 'रामाने ग्रंथ वाचला, कथा वाचली' हेच 'रामेण ग्रन्थः पठितः, कथा पठिता'. कर्माप्रमाणे लिंग बदलतं. हिंदीतही तसंच, म्हणजे तुमचं हिंदी वाया गेलं नाही.

बर्डीकर: पहिल्या सत्रात थोडं मागे राहाल. पण रूपं धडाधडा म्हणणारेही न शिकवलेला उतारा आला की संधीपाशी अडतात. 'अन्वगच्छत्' कोशात जसंच्या तसं शोधून सापडणार नाही. अनु + अगच्छत्. भूतकाळाचा अ काढा, गच्छ म्हणजे गम्. काही कोशांत 'गम्'खाली जाऊन 'अनु' बघायचं. मोनियर-विल्यम्सच्या कोशात 'अनुगम्' थेट अ मध्ये. रोज चार ओळींची फोड वहीत करा. मेघदूताच्या पहिल्याच श्लोकातला 'रामगिर्याश्रमेषु' सोडवून बघा, आपल्या रामटेकशी जोडतात तो.

महालवासी: रामगिरी + आश्रम, सप्तमी बहुवचन?

बर्डीकर: विभक्ती बरोबर. मूळ शब्द 'रामगिरि', ऱ्हस्व. संधीत दोन्हींचं 'र्या'च होतं, म्हणून इथे चूक झाकली गेली. षष्ठी करायला गेलात की लगेच उघडी पडेल: रामगिरेः.