मदत हवी आहे: ५ मिनिटांत २७ फेऱ्या होतच नाहीत (रोलर डर्बी)

घसरगुंडी:
सरळ मुद्द्यावर येते. शनिवारी संघाची चाचणी आहे आणि स्केट्सवर ट्रॅकच्या माझ्या फेऱ्या ५ मिनिटांत २३ च्या वर जात नाहीत. हव्यात २७. तीन आठवडे काटा तिथेच. दम लागत नाही, पाय भरून येतात. नापास झाले तर सामने थेट जानेवारीत. कुणी केलंय का हे? प्लीज लवकर सांगा.

चिंतोपंत:
रोलर डर्बी म्हणजे चाकांवरची कबड्डी का?

वळणवाट:
चिंतोपंत, बरंचसं तसंच. लंबवर्तुळाकार ट्रॅक, दोन्हीकडून पाच-पाच जणी. हेल्मेटवर तारा असलेली ती जॅमर. ती समोरच्या ब्लॉकरांतून, म्हणजे वाट अडवणाऱ्या चौघींतून, एकदा वाट काढते आणि पुढच्या वेळेपासून मागे टाकलेल्या प्रत्येक ब्लॉकरमागे एक गुण. एक डाव फार तर २ मिनिटांचा. धक्के चालतात, पण कोपर किंवा पाठीत ढकलणं नाही, नाहीतर ३० सेकंद बाहेर.
घसरगुंडी, आहेस कुठे? चाकं कुठली, जमीन कशी?

घसरगुंडी:
लाइपझिग. शाळेचं जिम, लाकडी. चाकं स्केट्सबरोबर आली तीच.

मुलुंडचा काका:
परदेशात असले खेळ खेळताना विमा आधी पाहावा. माझ्या भाच्याचा विमा प्रवासाचा निघाला, पाय मोडला आणि सगळं खिशातून गेलं. पॉलिसीत खेळातली दुखापत वगळलेली असते बऱ्याचदा.

घसरगुंडी:
काका, विमा आहे. प्रश्न फेऱ्यांचा आहे.

चाकवाला_८८:
चाकांवर कडकपणाचा आकडा बघ. ७८ए असेल तर ती बाहेरच्या रस्त्याची मऊ चाकं, जमिनीला चिकटून बसतात. ९० च्या आसपासची घे, दोन फेऱ्या आपोआप वाढतील.

वळणवाट:
आणि त्याच पॉलिशच्या लाकडावर वळणात घसरून पडेल, शनिवारी! चाचणीच्या आठवड्यात चाकं बदलायला सांगू नका हो. २७ म्हणजे फेरीला ११ सेकंद, तिची १३ ची होतेय. हे दोन सेकंद वळणात जातात. सरळ भागात बाहेरच्या कडेला सरकायचं, वळणाच्या मध्यावर आतल्या रेषेला चाटून जायचं, गुडघे वाकलेले.

चाकवाला_८८:
मी अकरा वर्षं स्केट्स दुरुस्त करतोय. तंत्र-तंत्र म्हणणाऱ्या निम्म्यांची बेअरिंगं मातीने भरलेली असतात.

खोखोची_अनघा:
माझा अनुभव वेगळा. आम्ही खो-खोत खांबाला वळताना बाहेरचा पाय टाकायचो. इथेही तेच असेल.

वळणवाट:
अनघाताई, इथे गंमत अशी की डावीकडेच वळायचं असतं. उजवा पाय डाव्यावरून टाकायचा, आणि खरी ताकद येते ती खालून बाहेर ढकलणाऱ्या डाव्या पायातून. घसरगुंडी, डावा पाय ढकलतेस की नुसता उजवा उचलून ठेवतेस?

घसरगुंडी:
उजवाच, बहुतेक. डाव्यावर जोर दिला की घोटा ठणकतो. ऑगस्टमध्ये मुरगळला होता, पण आता बरा आहे.

वळणवाट:
अगं बाई, हे आधी नाही सांगायचं! ठणकतोय तो बरा कसा?

मुलुंडचा काका:
तरी मी विम्याचं म्हणत होतो.

चाकवाला_८८:
बरं, चाकांचा हट्ट सोडतो. फिजिओला दाखव आधी. आणि प्रशिक्षिकेला विचार, बऱ्याच संघांनी ही २७ ची अट काढून टाकली आहे.

घसरगुंडी:
आमच्याकडे आहे अजून. शनिवारी जाणारच. सूज नाहीये, फक्त ठणकतं. पट्टी कुठली बांधू, ते सांगा ना.

वळणवाट:
पट्टीचं मी सांगणार नाही. उद्या प्रशिक्षिकेला घोट्याचं सांग आणि चाचणी पुढे ढकलून माग.

चिंतोपंत:
मग कबड्डीसारखं बाद झालेल्यांना परत घेतात का यात?